मिलिंद, ती लायसन्स की मिळाली नाही

मिलिंद,

तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि शोभानं मोशीतल्या गाळ्याचं शटर उघडलं. मेन स्विच चालू केला. पाकिटं भरायच्या मशीनचे दिवे लागले, हीटर तापला, पण प्लास्टिकचा रोल काही पुढे सरकेना. तिनं हिरवं बटण दाबलं, लाल दाबलं, परत हिरवं दाबलं. मग मला फोन केला.

"अविनाशभाऊ, दादाची मशीन सगळं विसरलीय."

तिच्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मशीन खरोखरच विसरली होती.

तू असतास तर पहिल्यांदा मेन कोणी पाडला ते विचारलं असतंस. मीही तेच विचारलं. तुला न्यायला निघताना तुमच्या मामांनी गाळ्याला कुलूप लावलं आणि मागे काही जळू-बिळू नये म्हणून मेन बंद केला. लाइट गेली तरी मशीनचा कंट्रोलर जागा राहावा म्हणून तू जोडलेला इन्व्हर्टरही त्यांनी बंद केला. कंट्रोलरच्या पोटात एक छोटी बॅटरी असते, असल्या वेळी तिनं प्रोग्रॅम सांभाळायचा असतो. ती बॅटरी कधीची संपली होती आणि तुला ते ठाऊक होतं. शोभानं आठवण केली की तू "बदलतो, बदलतो" म्हणायचास. मामा बिचारे कोपऱ्यात उभे राहून "मला काय म्हाईत" एवढंच म्हणत होते. त्यांच्यावर रागवावं असं काही नव्हतं. राग तुझ्यावर होता आणि तो ऐकायला तू नव्हतास.

शोभाचं काय अडलं होतं ते तुला सांगायला नको, पण हे इतरही वाचतील म्हणून लिहितो. चाकणच्या कारखान्यांतल्या कँटीनना शोभा शेंगदाण्याच्या चटणीची आणि लोणच्याची छोटी पाकिटं पुरवते. ताटात एक पाकीट, तेवढंच. कँटीनचा ठेकेदार एकच, आणि तिचं घर चालतं ते त्याच्यावरच. तुझ्या जाण्यानं पुरवठा थांबला तेव्हा तो भेटायला आला होता, जमिनीवर बसला, डोळे पुसले. मशीन बंद असल्याचं कळल्यावर त्याचाच फोन आला. "ताई, मी थांबलो असतो हो, पण शिफ्ट थांबत नाही. सोमवारपर्यंत बघतो. मग मला दुसरीकडून घ्यावं लागेल." शोभा आणि तिच्याकडच्या दोघी बायका चमच्यानं पाकिटं भरत होत्या, हाताच्या सीलरनं बंद करत होत्या. कारखान्याच्या एका शिफ्टलाही ती पुरत नव्हती.

प्रोग्रॅम परत भरायचा तर तुझा कंप्युटर हवा. गाळ्याच्या मागच्या बाजूला, लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या फळीवर तू ठेवला होतास तो. मी बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, फिरला, थांबला. चिंचवड स्टेशनजवळच्या इरफानभाईकडे नेला. त्यानं झाकण काढून वास घेतला.

"बोर्ड गेला, साहेब. डिस्क मात्र ठणठणीत आहे."

"बोर्ड मिळेल दुसरा?"

"असला? कुदळवाडीत मिळाला असता पूर्वी. आता तिथंही भंगार राहिलं नाही पहिल्यासारखं."

इथपर्यंतही ठीक होतं. यापुढे जे झालं त्यासाठी हा लेख तुलाच उद्देशून लिहावा लागतोय, कारण त्यातली तक्रार तुझ्याखेरीज कोणाला धड समजणार नाही.

तू मला पहिल्यांदा समजावलं होतंस ते आठवतं. चाकणच्या कारखान्यात तू मेंटेनन्सला होतास, मी तिथल्या संपाच्या बातम्या द्यायचो, आणि ओळख झाल्यावर रविवारी गाळ्यात येऊन बसायचो. मशीनचं जुनं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालायचं आणि जुनं विंडोज नव्या कंप्युटरवर चढत नव्हतं. म्हणून तू कंप्युटरच्या आत दुसरा कंप्युटर उभा केला होतास. "सोपं आहे राव," तू म्हणालास. "घर आपलं. खोली भाडेकरूला. भाडेकरूला वाटतं, आपण गावाकडंच राहतोय." आमच्या भागात घरटी एक खोली कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेली असते. मला लगेच कळलं.

ही खोली बांधून देणारं सॉफ्टवेअर एका परदेशी कंपनीचं होतं. धंद्यासाठी विकत, वैयक्तिक वापरासाठी फुकट. फुकट घ्यायचं तर त्यांच्या साइटवर नाव नोंदवायचं, मग मेलवर लायसन्सची की, म्हणजे अक्षरं-आकड्यांची किल्ली, यायची. तो फॉर्म आपण दोघांनी मिळून भरला आणि त्या दिवशी जो वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

मी म्हणालो, "बहीण चटणी विकते. हा धंदा झाला."

तू म्हणालास, "चटणी ती विकते. मशीन मी दुरुस्त करतो. बहिणीची मशीन दुरुस्त करायचे मी पैसे घेतो का?"

"नाही."

"मग हे वैयक्तिक. याच्याहून वैयक्तिक काय असतं भावा? आंघोळ?"

मी म्हणालो, वापर कशासाठी होतो ते महत्त्वाचं, करणारा पैसे घेतो की नाही ते नाही. तू म्हणालास, पत्रकारांना बहिणी नसतात. आतून शोभा ओरडली, "आहे की, मीच आहे. चहा मीच देते ना दोघांना?" तू चौकटीत टिक मारलीस.

आणि त्याच खोलीत तू माझंही काम केलंस. माझ्या सुरुवातीच्या वर्षांच्या बातम्या एका जुन्या मराठी फाँटमध्ये अडकल्या होत्या. नव्या कंप्युटरवर त्यांचा नुसता चिखल दिसायचा. वर्तमानपत्राच्या कार्यालयानं त्या सांभाळल्या नाहीत आणि मीही सोडून दिल्या होत्या. तू त्या तुझ्या जुन्या विंडोजमध्ये उघडल्यास आणि मोठ्यानं वाचायला लागलास. "'परिस्थिती नियंत्रणात असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले.' अरे मी होतो तिथं! गेटवर दगड चालले होते, आणि तू नियंत्रणात?" अधिकारी काय म्हणाले तेवढंच मी लिहिलंय, असं मी सांगितलं. तू पुढची बातमी उघडलीस. असे कितीतरी रविवार गेले. त्या बातम्या आज माझ्याकडे आहेत त्या तुझ्यामुळे. तुला मी कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू त्याचीही नक्कल केली असतीस.

आता तुझी चूक. फॉर्ममध्ये तू कारखान्याचा मेल दिलास. पिंपरी-चिंचवडात ही तुझ्या एकट्याची चूक नाही, अर्ध्या शहराची आहे. गॅसचं कनेक्शन, मुलांच्या शाळा, विमा, सगळं कंपनीच्या मेलवर. जणू कंपनी हाच कायमचा पत्ता. मग कंपनीनं लाइन बंद केली, तुम्हाला स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली आणि ज्या संध्याकाळी तू गेटबाहेर पडलास त्याच संध्याकाळी तुझा मेलही बंद झाला. लायसन्सची की त्यात राहिली. जुन्या कंप्युटरवर ती आधीच टाकलेली होती म्हणून काम अडलं नाही, आणि अडलं नाही म्हणून तू लक्ष दिलं नाहीस.

मधल्या काळात ती परदेशी कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली. नव्या मालकानं जाहीर केलं की आता सगळं फुकट, कीसुद्धा लागणार नाही. तू मला लगेच फोन केलास, जिंकल्यासारखा. आठवड्यानं परत फोन केलास. जे फुकट झालं होतं ते नवीन होतं आणि ते तुझ्या जुन्या प्रोसेसरवर चालत नव्हतं. तुझ्या कंप्युटरवर चालणारी जुनी आवृत्ती नव्यानं टाकायची तर ती पूर्वीसारखीच की मागत होती आणि की देणारं पान साइटवरून गेलं होतं. "म्हणजे बघ," तू म्हणालास, "जे फुकट आहे ते चालत नाही आणि जे चालतं ते फुकट असूनही मिळत नाही. बातमी कर याची." यात बातमी कुठे आहे, असं मी विचारलं. कोणाचं नुकसान झालं, कोण बोललं, कोणत्या खात्याचा प्रश्न? तू म्हणालास, "नुकसान झाल्यावरच येणार का तुम्ही?"

तर, नुकसान झालं. मी आलो.

तुझ्या डिस्कवरची ती खोली, म्हणजे तिचं सगळं फोल्डर, मी माझ्या जुन्या कंप्युटरवर उतरवलं. कार्यालयानं मोडीत काढताना मी तो घरी आणला होता. वयानं तुझ्या कंप्युटरइतकाच, पण वेगळ्या बनावटीचा. मशीनची जाड पिनांची केबल त्यालाच लागते. लॅपटॉपला कन्व्हर्टर लावून पाहिला, तुझं सॉफ्टवेअर त्याला ओळखेना. खोली उघडणारं दुसरं एक फुकटचं सॉफ्टवेअरही पाहिलं. त्यात तुझं विंडोज निळं पडून मेलं. शेवटी त्याच कंपनीची जुनी आवृत्ती टाकली आणि तिनं की मागितली.

मी साइटवर गेलो. खातं उघडायला सांगितलं. उघडलं. पडताळणीचा मेल येईल म्हणाले. आला नाही. परत मागितला, तर खातं आधीच अस्तित्वात आहे म्हणाले. लॉगिन केलं, तर पडताळणी बाकी आहे म्हणाले. मदतकक्षाला लिहिलं. स्वच्छ, पूर्ण, खरं लिहिलं : वापरणाऱ्याचं निधन झालं आहे, त्याच्या नावे वैयक्तिक वापराची की होती, मेल बंद आहे, आता वापर त्याच्या बहिणीच्या लघुउद्योगासाठी आहे, आवृत्ती जुनी हवी कारण कंप्युटर जुना आहे. उत्तर आलं. शोकसंवेदना कळवल्या होत्या, नवीन आवृत्ती सर्वांना मोफत असल्याचं कळवलं होतं आणि एक दुवा दिला होता. दुवा उघडला तर लॉगिनचं तेच पान. मी परत लिहिलं. आपल्या समस्येचं निराकरण झाल्यानं तक्रार बंद केली आहे, असं दुसऱ्या कोणीतरी कळवलं. मी आयुष्यभर सरकारी कार्यालयांत उत्तरं मागत हिंडलो आहे. तिथे निदान समोर खुर्ची असते, भलेही रिकामी असो.

मी काय लिहिलंय ते शोभानं वाचलं आणि ती भडकली.

"बहिणीच्या लघुउद्योगासाठी? हे कोणी सांगायला सांगितलं होतं तुम्हाला?"

"खरं आहे ते."

"दादा असता तर टिक मारून मोकळा झाला असता. तुम्ही त्यांना माझी कुंडली पाठवलीत. इथं माझे हात सोलून निघालेत सीलरनं."

कळवलं नसतं तरी उत्तर तेच आलं असतं, असं मला वाटत होतं.

शोभाला घेऊन इरफानभाईकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "एवढंच? क्रॅक देतो की. पाच मिनिटांचं काम." मी नको म्हणालो. शोभा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कारण माहीत होतं. तुझ्या कारखान्यात एकदा सॉफ्टवेअरची तपासणी झाली होती आणि कोणीतरी टाकलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरसाठी तुझ्याच विभागातल्या एकाची नोकरी गेली, ज्यानं ते टाकलंही नव्हतं. तेव्हापासून तुझं एकच पालुपद : "फुकट पाहिजे. चोरीचं नको." शोभा म्हणाली, "अविनाशभाऊ, दादाचं खरं होतं. पण दादाला सोमवारपर्यंत पाकिटं द्यायची नव्हती." मग तीच इरफानभाईला म्हणाली, "दुसरं काही असेल तर बघा ना, भाई. हे नको."

त्यानं कपाटातून एक डिस्क काढली. त्याच कंपनीचं, त्याहूनही जुनं, साधं सॉफ्टवेअर. खोली बांधता येत नाही, पण बांधलेली उघडता येते. "याला की लागत नव्हती. नुसता मेल आयडी टाका, टिक मारा. चालतं का बघा. गॅरंटी नाही." मी कंपनीच्या साइटवर ते शोधलं. तिथे त्याचा उल्लेखही उरलेला नाही. ते फुकट होतं, कायद्यानं फुकट होतं, आणि आता ते फक्त चिंचवडमधल्या एका दुरुस्तीवाल्याच्या कपाटात मिळतं.

रविवारी सकाळी गाळ्यात बसून ते टाकलं. चौकट आली : हा वापर व्यावसायिक नाही, याची मी खात्री देतो. खाली मेल आयडी. मी माझा टाकला. मागे दोघी बायका चमच्यानं चटणी भरत होत्या. समोर मशीन. मशीनवर चटणीचा वास.

"मारा टिक," शोभा म्हणाली. "मी सांगते ना, घरचंच काम आहे."

मी टिक मारली. माझं मत बदललेलं नाही, मिलिंद. तू चुकीचा होतास. पण ती चौकट लिहिणाऱ्यानं मोशीतला गाळा पाहिलेला नव्हता, एवढं मी आता तुझ्या बाजूनं मान्य करतो.

तुझी खोली यादीत दिसली. मी ती उघडायला गेलो आणि नवीन संदेश आला. ही यंत्रणा बंद केलेली नसून मध्येच थांबवलेली आहे. ज्या प्रोसेसरवर थांबवली तो या कंप्युटरच्या प्रोसेसरशी जुळत नाही. पुढे चालू करता येणार नाही. थांबवलेली स्थिती टाकून द्यायची?

मला समजायला थोडा वेळ लागला, मग तुझी सवय आठवली. तू ते जुनं विंडोज कधी शटडाउन करायचा नाहीस. पॉज करायचास. कारखान्यात मशीन पुढच्या शिफ्टच्या हातात चालू स्थितीत द्यायची, जिथं होतं तिथून त्यानं पुढे न्यायचं. म्हातारी मशीन पूर्ण बंद केली की उठत नाही, असं तुम्ही सगळे मेंटेनन्सवाले मानता. म्हणजे शेवटचा बसलास तेव्हा पडद्यावर जे काही उघडं होतं, ते तसंच त्या फायलीत गोठलेलं होतं. मशीनचा प्रोग्रॅम असेल. त्यात तू काही बदलत असशील. माझी एखादी बातमी असेल. पत्त्यांचा खेळही असेल.

मी शोभाला समजावलं. ती स्टुलावर बसली.

"म्हणजे दादा काय करत होता ते आता दिसणार नाही?"

"यावर नाही. मूळ डिस्क तुझ्याकडे आहे, तिच्यावर ते तसंच आहे. अगदी तसलाच बोर्ड मिळाला तर उघडेल."

"मिळेल?"

"इरफानभाई बघतो म्हणालाय. मला वाटत नाही."

"आणि मशीनचा प्रोग्रॅम?"

"तो सेव्ह केलेला असेल तर मिळेल. शेवटी काही बदललं असेल आणि सेव्ह केलं नसेल तर ते जाईल."

तिनं ओढणीनं हात पुसले. हात कोरडेच होते. "काहीतरी करत होता हो," ती म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी इथं बसला होता. मी म्हणाले, जेवायला चल. म्हणाला, एवढं करून येतो. मी विचारलंच नाही एवढं म्हणजे काय."

मी वाट पाहिली. बातमीदाराला तेवढं येतं.

"दाबा," ती म्हणाली.

मी तिला माउस दिला. तिनंच दाबलं.

जुनं विंडोज वीज गेल्यानंतर उठतं तसं उठलं, कुरकुरत, फायली तपासत. तुझं सॉफ्टवेअर उघडलं. प्रोग्रॅम होता. तो ताजा होता की आधीचा, हे मला सांगता येत नाही आणि सांगणारा आता कोणी नाही. केबल लावली. तू करायचास ते सगळं मी शेजारी बसून पाहिलेलं होतं, त्यामुळे कोणतं बटण ते माहीत होतं, का ते माहीत नव्हतं. प्रोग्रॅम मशीनमध्ये गेला. शोभानं हिरवं बटण दाबलं. रोल सरकला, जबडा मिटला, पहिलं पाकीट रिकामंच पडलं, दुसरं अर्धं, तिसरं भरलेलं. एका बाईनं हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "बाई गं, सुटलो." शोभा हसली आणि हसता हसता रडायला लागली. रडतानाही पाकिटं ओढून सील बघत होती.

दुपारी ठेकेदाराला फोन झाला. टेम्पो उद्या येणार.

मी निघायला उठलो तेव्हा ती म्हणाली, "परत गेला प्रोग्रॅम तर?"

"नवी बॅटरी टाकलीय. आणि मी येईन."

"तुम्ही नसाल तर? मला दाखवा सगळं. लिहून नको, करून दाखवा."

मी दाखवलं. तिनं खुर्चीत बसून केबल लावली, काढली, प्रोग्रॅम भरला, परत भरला. मग खोली बंद करायची वेळ आली. पडद्यावर दोन पर्याय होते.

"दादा यातलं कोणतं करायचा?"

"वरचं. पॉज."

"आणि खालचं केलं तर पुढच्या वेळी कोणत्याही कंप्युटरवर उघडेल?"

"हो."

तिनं खालचं दाबलं. तुझं जुनं विंडोज बंद व्हायला लागलं आणि स्पीकरमधून त्याची ती निरोपाची छोटी धून वाजली. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसलो, मिलिंद, पण त्या खोलीतून ती कधी ऐकली नव्हती. शोभानं विचारलं, "हे काय वाजलं?" मी तिला सांगितलं.